मॉर्फीनची रेकॉर्डिंग्ज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉर्फीन हा बँड कुठला, कोणाचा?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनला खेटून, नदीच्या पलीकडे केंब्रिज हे शहर आहे. तिथे १९८९ मध्ये मार्क सँडमन, डेना कॉली आणि जेरोम डुप्री या तिघांनी हा बँड सुरू केला. सँडमन गाणी लिहायचा, गायचा आणि दोन तारांचा बेस वाजवायचा. कॉलीकडे बॅरिटोन सॅक्सोफोन, डुप्रीकडे ड्रम्स. थोड्याच वर्षांत ड्रम्सवर बिली कॉनवे आला. ३ जुलै १९९९ रोजी इटलीत रोमजवळच्या पालेस्त्रीना इथे कार्यक्रम चालू असताना सँडमन हृदयविकाराच्या झटक्याने स्टेजवर कोसळला आणि गेला. तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. त्याच्यामागे बँड त्या नावाने पुढे चालवायचा नाही, असंच बाकीच्यांनी ठरवलं.

म्हणजे सगळा मामला दहा वर्षांचा. त्यात स्टुडिओत केलेले पाच अल्बम. एवढ्यावर हा बँड आजही नव्याने ऐकला जातो, आणि त्याबद्दलचे प्रश्नही त्याच त्या ठिकाणी अडतात. त्यांचीच ही उत्तरं.

ते पाच अल्बम कोणते?

'गुड' (१९९२), 'क्युअर फॉर पेन' (१९९३), 'येस' (१९९५), 'लाइक स्विमिंग' (१९९७) आणि 'द नाइट' (२०००). पहिला अ‍ॅक्युरेट या बॉस्टनच्या छोट्या कंपनीने काढला, मग रायकोडिस्कने तो पुन्हा बाजारात आणला. दुसरा आणि तिसरा रायकोडिस्कचेच. शेवटचे दोन करताना बँड ड्रीमवर्क्स या मोठ्या कंपनीकडे गेला होता. याशिवाय सुट्या गाण्यांचा एक संग्रह, थेट कार्यक्रमाचं एक रेकॉर्डिंग आणि सँडमनच्या पश्चात निघालेले काही संच आहेत. त्यांच्याबद्दल शेवटी.

गिटार नाही, मग हा रॉक कसा?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि यायलाच हवा, कारण मॉर्फीनच्या रेकॉर्डिंगची किल्ली इथेच आहे.

नेहमीच्या रॉक बँडचा आवाज ऐका. खाली बेस असतो, वर ड्रमसेटच्या झांजा असतात आणि मधला सगळा पट्टा गिटार अडवून बसलेली असते. बहुतेक गाण्यांचा भरीवपणा त्या मधल्या पट्ट्यातून येतो. मॉर्फीनने तो पट्टा मोकळा सोडला. बेस खाली, बॅरिटोन सॅक्सोफोन खाली, आणि सँडमनचा गळाही खालचाच, खर्जाकडे झुकणारा. तिघंही एकाच मजल्यावर राहतात. वरच्या अंगाला फक्त स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला तडतडणारा ड्रम, आणि झांजा.

असं केलं की सगळं एकमेकांत मिसळून चिखल होण्याची भीती असते. ध्वनिमुद्रण करणारी माणसं खालच्या सुरांची गर्दी टाळतात ती याच कारणासाठी. मॉर्फीनने ती गर्दी वेगळ्या रीतीने सोडवली: सगळ्यांनी एकाच वेळी बोलायचं नाही. बेसचा तुकडा छोटा, दोन-चार स्वरांचा, आणि मध्ये जागा सोडणारा. त्या जागेत आवाज येतो. आवाज थांबला की सॅक्सोफोन उत्तर देतो. कधी सॅक्सोफोन बेसच्याच ओळीवर चढतो, आणि मग दोन्ही मिळून एकच जाडजूड वाद्य वाजतंय असा भास होतो. एकदा हे लक्षात आलं की कुठलंही गाणं लावा, तुम्ही या जागाच मोजत बसाल.

सँडमन या आवाजाला 'लो रॉक' म्हणायचा. ग्रंज या खरखरीत गिटारच्या रॉकचा जोर असलेल्या त्या दिवसांत 'सूचित ग्रंज' असंही एक नाव बँडने सांगून पाहिलं होतं. मला ते नाव नेमकं वाटतं. गिटारचा गोंगाट प्रत्यक्षात नाही, पण तो जिथे असायला हवा होता ती जागा कान स्वतःच भरून घेतो.

गिटार अगदी वर्ज्य होती असंही नाही. 'क्युअर फॉर पेन'मधलं 'इन स्पाइट ऑफ मी' मँडोलिनवर चालतं आणि त्यात बँडचा नेहमीचा दणका औषधालाही नाही. सँडमनने 'ट्रायटार' नावाचं एक वाद्यही जुळवलं होतं. त्याला गिटारच्या दोन तारा आणि बेसची एक.

दोन तारांचा बेस वाजतो तरी कसा?

साध्या बेस गिटारला चार तारा असतात. सँडमनने दोनच ठेवल्या, बहुतेक वेळा दोन्ही एकाच स्वरात लावल्या, आणि डाव्या हाताच्या बोटात स्लाइड घातली. स्लाइड म्हणजे धातूची किंवा काचेची नळी. ती तारेवर टेकवून सरकवायची.

यातून दोन गोष्टी साधतात. पहिली मींड. पडद्यावर बोट दाबून वाजवलेला बेस एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारतो. स्लाइडवर तो घसरत जातो आणि मधल्या सगळ्या श्रुती त्याच्या वाटेत येतात. ब्लूजमध्ये कोमल आणि शुद्ध यांच्या अधल्यामधल्या स्वरांना फार मान आहे, आणि ते स्वर या बेसवर आपोआप हाताशी येतात. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या कानाला मॉर्फीन पहिल्या झटक्यात जवळचा वाटतो, त्यामागे हे कारण असावं असं मला नेहमी वाटत आलं आहे.

दुसरी गोष्ट जाडीची. दोन तारा एकाच स्वरात लावल्या तरी त्या तंतोतंत जुळत नाहीत, केसभर फरक राहतोच. त्या फरकामुळे आवाजात एक संथ हेलकावा येतो, तानपुऱ्याच्या जोडीच्या तारांसारखा. एकच स्वर वाजतोय, पण तो जिवंत हलतो आहे. रेकॉर्डिंगमध्ये बेस एवढी जागा भरतो तो यामुळे.

हे जवळून ऐकायचं तर 'ब्युएना' लावा. आधी बेस एकटा. तुकडा अगदी छोटा आहे, पण स्वरावर पोचण्याच्या आधी तो जरा खालून येतो, आणि सोडतानाही सरळ तोडत नाही. चार वेळा ऐकलंत की कळेल, लय ड्रम्स यायच्या आधीच ठरलेली आहे. नंतर ड्रम्स येतात ते त्या लयीला फक्त दुजोरा देतात. सॅक्सोफोन पूर्ण ताकदीने येतो तेव्हा गाणं अचानक दुप्पट रुंद होतं, आणि नवं वाद्य मात्र एकच आलेलं असतं.

सॅक्सोफोन आहे म्हणजे हे जॅझ आहे का?

जॅझचं शिक्षण त्यात आहे, जॅझचा आराखडा नाही. जॅझमध्ये साधारणपणे मुखडा मांडायचा, मग प्रत्येकाने त्याच्या स्वरसंगतीवर आपापला विस्तार करायचा आणि शेवटी मुखड्यावर यायचं. मॉर्फीनची गाणी तीन-चार मिनिटांची, कडवं आणि ध्रुवपद असलेली, सरळ रॉकच्या बांधणीची. विस्ताराला जागा थोडी. पण त्या थोड्या जागेत कॉली जे करतो ते जॅझ न ऐकलेल्या माणसाला जमणार नाही.

कॉलीची एक खूण सांगतो. तो काही वेळा दोन सॅक्सोफोन एकाच वेळी तोंडात धरून वाजवायचा, बॅरिटोन आणि टेनर. ही युक्ती रहसान रोलंड कर्क या जॅझ वादकाने साठच्या दशकात गाजवली होती. कॉलीने ती चमत्कार म्हणून वापरली नाही. तीन माणसांच्या बँडला जेव्हा ब्रास सेक्शनचा, म्हणजे फुंकवाद्यांच्या ताफ्याचा, भार हवा असायचा, तेव्हा एका माणसाने दोन माणसांचं काम करायचं, एवढा साधा हेतू.

आणि 'क्युअर फॉर पेन'च्या शेवटी 'माइल्स डेव्हिस फ्युनरल' नावाची शब्द नसलेली रचना आहे. जॅझचा ट्रम्पेट वादक माइल्स डेव्हिस सप्टेंबर १९९१ मध्ये गेला, अल्बम दोन वर्षांनी आला. त्या रचनेत माइल्सच्या ट्रम्पेटची नक्कल करायचा मोह कोणीही टाळला नसता. इथे ती नाही, फक्त शांत ठेका आणि अवकाश आहे. ऋण मान्य करायची ही पद्धत मला फार आवडते.

सुरुवात कुठून करावी?

'क्युअर फॉर पेन'पासून. दुसरं उत्तर नाही.

त्यात एवढं काय आहे?

तेरा गाणी आहेत आणि त्यांचा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. पहिलं 'डॉना' एक मिनिटाचंही नाही, फक्त सॅक्सोफोनची एक हळवी ओळ. ती संपते न संपते तोच 'ब्युएना'चा बेस सुरू होतो. या दोन्हींमधला सांधा म्हणजे अल्बमचं दार उघडणं. म्हणून हा अल्बम गाणी उलटसुलट करून ऐकू नका. आजच्या अ‍ॅपमध्ये शफल लागलेलं असेल, तर ते आधी बंद करा.

मग 'ऑल राँग', 'कँडी', 'अ हेड विथ विंग्ज'. 'ऑल राँग'मध्ये कॉलीचा सॅक्सोफोन गिटारसारखा चिडतो. 'कँडी' त्याच्या अगदी उलट, गोड आणि आळसावलेलं.

'थर्सडे' मात्र नीट शब्द लावून ऐका. दर गुरुवारी दुपारी दोघं भेटतात, बिअर घेतात, पूल खेळतात. मग समोरच्या मोटेलवर जाणं सुरू होतं. ती विवाहित आहे. एका गुरुवारी ती त्याला घरी बोलावते, शेजारीपाजारी बघतात, नवऱ्याच्या कानावर जातं आणि गाणं संपेपर्यंत निवेदकाला गाव सोडावं लागतं. एवढी पूर्ण गोष्ट साडेतीन मिनिटांच्या आत. सँडमन ती गातोय की सांगतोय याची सीमा पुसट आहे. विशेष हे की कुठेही भावना दाखवलेली नाही, फक्त घटना. घाबरवण्याचं काम बेस करतो. त्याचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा येत राहतो, आणि पहिल्या कडव्यात जो निवांत वाटला होता तोच शेवटी पाठलाग करणारा वाटतो.

अल्बमचं नाव असलेलं गाणं बहुतेकांना आधीच माहीत असतं. 'शीला' आणि 'इन स्पाइट ऑफ मी' ही दोन गाणी डेव्हिड ओ. रसेल या दिग्दर्शकाच्या १९९४ च्या पहिल्या चित्रपटात वापरली गेली, आणि त्यातून बरेच नवे श्रोते या अल्बमकडे आले.

ध्वनिमुद्रणाचं श्रेय सँडमनबरोबर पॉल कोल्डरी याचं. केंब्रिजमधल्या फोर्ट अपाची स्टुडिओच्या वर्तुळातला हा माणूस. रेडिओहेड या इंग्लंडच्या बँडच्या पहिल्या अल्बमच्या निर्मितीतही तो होता. इथे त्याने काय केलं यापेक्षा काय केलं नाही ते महत्त्वाचं: मोकळ्या जागा भरल्या नाहीत. आवाज कानाशी, सॅक्सोफोन खोलीत, ड्रम्स थोडे मागे. एवढंच.

'गुड' आधी ऐकला तर बिघडलं का?

मुळीच नाही. 'गुड'मध्ये सगळं साहित्य तयार आहे, फक्त अजून चाचपणी चालू आहे. 'यू लुक लाइक रेन' हे मॉर्फीनच्या सगळ्या प्रेमगीतांत मला सगळ्यात उंचीचं वाटतं. त्यात काहीही घडत नाही, आणि तरी एकदा ऐकल्यावर मनातून जात नाही. 'हॅव अ लकी डे' जुगाऱ्याचं गाणं. 'यू स्पीक माय लँग्वेज' धावतं, कार्यक्रमांत रंगणारं.

'आय नो यू'चे भाग एक, दोन, तीन काय आहेत?

पहिले दोन भाग 'गुड'च्या शेवटी लागोपाठ आहेत. तिसरा पाच वर्षांनी 'लाइक स्विमिंग'मध्ये येतो. ती एक सलग कथा नाही. मनःस्थिती एक, तिच्याकडे बघायच्या जागा तीन. तिन्ही ओळीने लावून ऐकलेत तर बँडच्या आवाजात पाच वर्षांत काय फरक पडला तेही कळतं: सुरुवातीचा कोरडेपणा जातो आणि त्याच्या जागी धुकं येतं.

'येस' बद्दल इतकं कमी का बोललं जातं?

कारण तो दोन मोठ्या नावांच्या मध्ये अडकला. माझ्या मते बँड म्हणून ते तिघं सगळ्यात घट्ट वाजतात ते इथे. तोवर कॉनवे ड्रम्सवर पूर्णपणे स्थिरावला होता आणि भरपूर दौरे झाले होते. 'हनी व्हाइट' या पहिल्याच गाण्यात सॅक्सोफोन जो सुटतो तो थांबायला तयार नाही. 'स्क्रॅच' आणि 'रडार' ही दोन गाणी पाठोपाठ ऐका. दोन्हींत ड्रम्स बेसच्या तुकड्यातल्या फटी कशा बुजवत नाहीत, तर त्यांच्या कडा कशा धारदार करतात, ते दिसेल.

उत्तरार्ध वेगळ्याच वाटेने जातो. 'द ज्युरी' आणि 'शार्क्स' यांत सँडमन गाण्यापेक्षा बोलतो जास्त, आणि बँड त्याच्या मागे मोकळा वाजतो. काहींना हा भाग विस्कळीत वाटतो. मला तो या बँडचा सर्वांत धाडसी भाग वाटतो, कारण तीन वाद्यांत असं सैल सोडलं की लपायला जागा उरत नाही. 'फ्री लव्ह' तर इतकं जड आणि सावकाश आहे की ते स्वस्त स्पीकरवर ऐकूच नये. शेवटचं 'गॉन फॉर गुड' जवळजवळ एकट्याने गायलेलं, उघडं.

इंग्रजी शब्द पटकन कळले नाहीत तर?

सँडमनचे उच्चार स्वच्छ आहेत आणि वाक्यं छोटी, त्यामुळे फार अडत नाही. त्यातूनही भाषेची भीती वाटत असेल तर 'येस'मधलं 'सुपर सेक्स' ऐका. टॅक्सी, हॉटेल, व्हिस्की, डिस्कोथेक अशा जगभर कुठेही चालणाऱ्या शब्दांवर ते अख्खं गाणं उभं आहे.

दोन ड्रमर होते. कोणी कुठे वाजवलंय?

ढोबळ हिशोब असा: 'गुड' आणि 'क्युअर फॉर पेन'वर मुख्यतः डुप्री, काही ठिकाणी कॉनवे. 'येस' आणि 'लाइक स्विमिंग' कॉनवेचे. 'द नाइट'वर दोघंही.

दोघांची वाजवण्याची धाटणी वेगळी. डुप्रीचा हात जॅझचा, हलका. तो झांजांवर बारीक काम करतो आणि ठेका जरा पुढे झुकवतो. कॉनवे मुळात ब्लूजचा माणूस. तो कमी वाजवतो, खोल वाजवतो आणि ठोका किंचित मागे ठेवतो. 'कँडी' आणि 'हनी व्हाइट' एकामागून एक लावा, मग वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

मोठ्या कंपनीकडे गेल्यावर 'लाइक स्विमिंग' बिघडला, हे खरं का?

खरं नाही, पण असं का म्हटलं जातं ते समजू शकतं. आधीचे अल्बम कोरडे होते, हा ओला आहे. आवाजावर थर आहेत, कडा मऊ केल्या आहेत आणि गाणी कधी कधी सुरू होऊन संपण्याआधीच विरघळतात. 'लायला' आणि 'पोशन' तर चुटपुट लावून जातात. ज्यांना 'येस'चा दणका हवा होता त्यांची निराशा झाली. पण त्यातली बरीच कामं सँडमनने केंब्रिजमधल्या आपल्या राहत्या जागेतल्या स्टुडिओच्या वळणाने केलेली आहेत, तो मऊपणा त्याला स्वतःला हवा होता. त्या जागेचं नाव 'हाय-एन-ड्राय'. पुढे याच नावाने त्याच्या मित्रांनी रेकॉर्ड कंपनीही चालवली.

'अर्ली टू बेड' हे या अल्बममधलं सगळ्यात उडतं गाणं. जेमी कॅलिरीने केलेल्या त्याच्या व्हिडिओला १९९८ मध्ये ग्रॅमीचं नामांकन मिळालं होतं. पण थांबून ऐकावं असं गाणं म्हणजे शीर्षकगीत. पाण्याखालून ऐकू यावं तसं सगळं दूरचं, आणि आवाज मात्र शेजारी.

'द नाइट' सँडमनच्या मृत्यूनंतर इतरांनी पूर्ण केला का?

नाही. हा गैरसमज सगळीकडे पसरलेला आहे, म्हणून ठासून सांगतो. सँडमन गेला तेव्हा अल्बमचं काम उरकलेलं होतं. बाजारात तो फेब्रुवारी २००० मध्ये आला, एवढाच त्याचा मरणोत्तर भाग.

हा खुलासा महत्त्वाचा आहे, कारण नाही तर आपण त्यातल्या प्रत्येक ओळीत निरोप शोधत बसतो. शेवटचं गाणं 'टेक मी विथ यू', त्याच्या आधीचं 'स्लो नंबर्स', अल्बमचं नाव 'द नाइट'. पुरावे गोळा करायला बसलं तर सापडतातच. पण हा निरोप घेणाऱ्या माणसाचा अल्बम नाही. पुढची दहा वर्षं काय करायचं ते ठरवणाऱ्या माणसाचा आहे. तंतुवाद्यं आली, स्त्रियांचे आवाज आले, जॉन मेडेस्कीचा ऑर्गन आला, दोन ड्रमर एकत्र आले. 'रोप ऑन फायर'मध्ये ऊद हे अरबी तंतुवाद्य आहे आणि त्याची मींड सँडमनच्या बेसशी अशी जुळते की हे आधी का सुचलं नाही असं वाटावं. 'टॉप फ्लोअर, बॉटम बझर' तर चक्क वरच्या मजल्यावरच्या पार्टीचं गाणं आहे, माणसांनी भरलेलं.

आधीच्या चार अल्बमांत प्रश्न होता की तीन वाद्यांत किती मावतं. इथे प्रश्न उलटा झाला: नवी वाद्यं आणूनही ती मोकळी जागा टिकवता येते का? टिकली. चेलो येतो तोही खालच्या पट्टीत, गर्दी न करता. म्हणून 'द नाइट' मला त्यांचा सगळ्यात मोठा अल्बम वाटतो, जरी पहिल्यांदा ऐकायला मी 'क्युअर फॉर पेन'च देत असलो.

फोनवर ऐकलं तर चालेल?

फोनच्या उघड्या स्पीकरवर नको. साध्या बेसची सगळ्यात खालची मोकळी तार साधारण ४१ हर्ट्झवर असते. बॅरिटोन सॅक्सोफोनचा तळ ६५ ते ७० हर्ट्झच्या आसपास. फोनचा इवलासा स्पीकर या भागात जवळजवळ गप्प असतो. तरीही आपल्याला बेस ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण वरच्या उपस्वरांवरून मेंदू मूळ स्वराचा अंदाज बांधतो. इतर बँडच्या बाबतीत हा अंदाज पुरतो. मॉर्फीनच्या बाबतीत निम्मं गाणं अंदाजावर काढावं लागतं.

साधे पण नीट बसणारे इअरफोन पुरेत. आवाज फार मोठा करू नका आणि इक्वलायझरवर बेस वाढवू नका. मूळ मिश्रणातच तो तोलून ठेवलेला आहे. तो वाढवलात की सँडमनचा आवाज आणि सॅक्सोफोन दोन्ही त्याच्याखाली दबतात.

याआधी सँडमन कुठल्या बँडमध्ये होता? ते ऐकण्यासारखं आहे का?

ऐंशीच्या दशकात तो 'ट्रीट हर राइट' या बॉस्टनच्या ब्लूज-रॉक बँडमध्ये होता. कॉनवेही तिथेच, तोही उभ्याने वाजवायच्या छोट्या कॉकटेल ड्रमवर. डेव्हिड शँपेनची गिटार आणि जिम फिटिंगची माउथ ऑर्गन. त्या बँडमध्ये बेस नव्हताच. सँडमन गिटारचा आवाज पेडलमधून एक सप्तक खाली ढकलायचा आणि तिला 'लो गिटार' म्हणायचा. मॉर्फीनचं बी तिथेच आहे. दुर्मीळ म्हणून नाही, चांगला बँड म्हणून जरूर ऐका.

या बँडचा इतरांवर परिणाम झाला का?

थेट आणि सिद्ध करता येण्याजोगं एक उदाहरण आहे. 'द प्रेसिडेंट्स ऑफ द युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका' या सिअ‍ॅटलच्या बँडचा क्रिस बॅल्यू आधी सँडमनबरोबर वाजवत असे. कमी तारांच्या वाद्यांची कल्पना त्याने तिथूनच उचलली. १९९५ च्या सुमारास त्या बँडची जी गाणी रेडिओवर वाजत होती, ती दोन तारांच्या आणि तीन तारांच्या वाद्यांवर बसवलेली होती. आवाज मात्र अगदी वेगळा, हसराखेळता.

सँडमननंतर बाकीच्यांनी काय केलं?

२००० मध्ये 'ऑर्केस्ट्रा मॉर्फीन' नावाने मोठा ताफा घेऊन त्यांनी 'द नाइट'ची गाणी दौऱ्यावर नेली. मग कॉली, कॉनवे आणि गायिका लॉरी सार्जंट यांचा 'ट्वाइनमेन' झाला. त्यांचा पहिला अल्बम २००२ चा, आणि नाव सँडमनने स्वतः काढलेल्या एका कॉमिक पट्टीवरून घेतलेलं. पुढे कॉली आणि डुप्री यांनी न्यू ऑर्लिन्सच्या ब्लूजमध्ये मुरलेल्या जेरेमी लायन्सबरोबर 'व्हेपर्स ऑफ मॉर्फीन' सुरू केला. जुनी गाणी ते वाजवतातच, पण २०२१ च्या 'फिअर अँड फँटसी'मध्ये त्यांची स्वतःची गाणीही आहेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॉनवे कर्करोगाने गेला.

पाच अल्बम झाले. आता बाकीच्यांतलं काय घ्यावं?

पहिल्यांदा 'बी-साइड्स अँड अदरवाइज' (१९९७). नाव उरल्यासुरल्याचं, पण त्यातली 'शेम', 'माइल हाय' ही गाणी उरलेली वाटत नाहीत. जॅक केरुअ‍ॅक या अमेरिकी लेखकावरच्या आदरांजली अल्बमसाठी केलेलं 'केरुअ‍ॅक'ही यातच मिळतं.

मग 'बूटलेग डेट्रॉइट' (२०००). १९९४ चा डेट्रॉइटमधला कार्यक्रम, प्रेक्षकांतल्या एकाने टिपलेला. ध्वनी खडबडीत आहे, मागे लोक बोलतात. पण स्टुडिओतल्या नेमकेपणामागे केवढी ताकद दाबून ठेवलेली होती ते इथे कळतं. गाण्यांच्या मधलं सँडमनचं बोलणं ऐकण्यासाठीसुद्धा घ्यावा.

'अ‍ॅट युवर सर्व्हिस' (२००९) हा अप्रकाशित गाण्यांचा दोन डिस्कचा संच, पाचही अल्बम पाठ झालेल्यांसाठी. 'सँडबॉक्स' (२००४) सँडमनच्या एकट्याच्या आणि इतर बँडमधल्या कामाचा, त्यात मॉर्फीन शोधू नये.

'द बेस्ट ऑफ मॉर्फीन' २००३ चा. त्याच्या शीर्षकातच १९९२ ते १९९५ असं लिहिलेलं आहे. म्हणजे त्यात 'लाइक स्विमिंग' नाही आणि 'द नाइट'ही नाही. तेवढ्याच पैशांत 'येस' घ्या.